चित्रफितीची साक्ष

१८९८ साली एडिंबरो येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे वार्षिक अधिवेशन भरले असता पॅरिसचे विख्यात शल्यवैद्य डॉ. यूजेन-लुई द्वायाँ यांनी आपल्या काही शस्त्रक्रियांची चलच्चित्रे जमलेल्या वैद्यमंडळींना पडद्यावर दाखविली. ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा पहिला तिकीटविक्रीचा खेळ केल्याला त्या वेळी तीन वर्षेही लोटली नव्हती. तरीही या नव्या साधनाचे शिक्षणदृष्ट्या मोल काय आहे, हे द्वायाँ यांनी अचूक ओळखले होते. शस्त्रक्रियागृहात मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला बहुधा साहाय्यकांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. पडद्यावर मात्र शेकडो विद्यार्थ्यांना एकाच वेळी आणि हव्या तितक्या वेळा तीच क्रिया पाहता येते, आणि खुद्द शल्यवैद्यालाही आपल्या हाताच्या निरर्थक हालचाली त्रयस्थ दृष्टीने न्याहाळून त्या सुधारता येतात, अशी त्यांची धारणा होती.

परंतु चित्र एकदा तयार झाले की ते कोणाच्या हाती जाईल यावर कर्त्याचा ताबा राहत नाही, हा अनुभवही त्यांनाच प्रथम घ्यावा लागला. १९०२ च्या फेब्रुवारीत त्यांनी रॅडिका व डूडिका या, ओरिसातून सर्कशीबरोबर परदेशी गेलेल्या, जोडशरीरी भगिनींना शस्त्रक्रियेने विलग केले. डूडिका क्षयाने जर्जर झाली होती व तिच्याबरोबर दुसरीही दगावेल या भीतीने हा निर्णय घेण्यात आला होता. डूडिका थोड्याच दिवसांत वारली आणि रॅडिकाही पुढच्या वर्षी त्याच रोगाने गेली. या शस्त्रक्रियेचे चलच्चित्र वैद्यकाच्या अभ्यासकांसाठी घेतलेले होते. मात्र द्वायाँ यांच्या चित्रणाचे काम केलेल्या पार्नालां नावाच्या छायाचित्रकाराने त्यांच्या चलच्चित्रांच्या प्रती परस्पर विकल्या, त्या जत्रांमधील खेळांत कौतुकाचा विषय होऊन बसल्या, आणि अखेर १९०५ साली पॅरिसच्या न्यायालयाने द्वायाँ यांच्या बाजूने निकाल दिला. विद्येसाठी घेतलेले चित्र करमणुकीच्या बाजारात शिरले म्हणजे पाहणारा बदलतो, पाहण्याचा हेतू बदलतो, आणि त्या चित्राबद्दल जाब कोणाला विचारावा हेच कळेनासे होते. वैद्यकीय चित्रफितींच्या विश्वसनीयतेचा जो प्रश्न आज आपल्यापुढे उभा आहे, त्याचे मूळ इतके जुने आहे.

२००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि ज्याच्याजवळ कॅमेरा आहे त्याला अध्यापक होण्याची, व ज्याच्याजवळ फोन आहे त्याला विद्यार्थी होण्याची मुभा विनाशुल्क मिळाली. या सोयीचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. गर्भाच्या वाढीत हृदयाची सरळ नळी कशी वळते व तिच्यात पडदे कसे उत्पन्न होतात, हे पुस्तकातील स्थिर आकृत्यांवरून समजून घेताना पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी थकले. तेच दोन मिनिटांच्या सजीव आकृतीत स्वच्छ कळते. कंपवाताच्या रुग्णाची चाल, हृदयाच्या झडपेतून उमटणारा मर्मर, तान्ह्या मुलाचा डांग्या खोकला या गोष्टी शब्दांत वर्णून पुऱ्या कळत नाहीत, आणि विद्यार्थ्याच्या वॉर्डातील मुदतीत नेमका तसा रुग्ण दाखल होईल याची शाश्वती नसते. अंबाजोगाईच्या किंवा धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला स्टॅनफर्डच्या अध्यापकांनी रुग्णाच्या खाटेपाशी केलेली प्लीहेची तपासणी आज घरबसल्या पाहता येते, ही गोष्ट ज्ञानाच्या वाटणीत न्याय आणणारी आहे. म्हणूनच विद्यार्थी या साधनाकडे वळले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीसाठी चित्रफिती पाहतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९० होते, आणि त्यांची सर्वांत मोठी भिस्त यूट्यूबवर होती. त्या पाहणीत केवळ विद्यार्थी नव्हते. निवासी डॉक्टर आणि अध्यापकही होते.

असे साधन विश्वसनीय आहे काय, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही, आणि जो ते देतो त्याने प्रश्नाची फोड केलेली नसते. चित्रफितीत दाखविलेली गोष्ट खरी आहे काय. खरी असल्यास ती पुरी आहे काय. पुरी असल्यास आजही ग्राह्य आहे काय. आज ग्राह्य असल्यास आपल्या मुलखात लागू आहे काय. आणि हे सर्व असूनही ती पाहिल्याने पाहणाऱ्याच्या हाताला काही येते काय, असे हे पाच निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांचा एकेक करून विचार केला म्हणजे धोका नेमका कोठे दडलेला आहे ते ध्यानात येते.

पहिला, खरेपणाचा प्रश्न व्यवहारात निवडीचा होतो. रियाध येथील किंग सौद विद्यापीठातील अध्यापक समी आझेर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीराच्या पृष्ठभागावरून आतील अवयवांची स्थाने ओळखण्याच्या विद्येसंबंधी यूट्यूबवर काय मिळते याची छाननी केली. शोधात २३५ चित्रफिती हाती लागल्या; त्यांपैकी विषयाला धरून अशा ५७ निघाल्या; आणि या ५७ मधूनही शिक्षणास खरोखर उपयोगी ठरतील अशा केवळ १५ उरल्या. शरीररचनाशास्त्र हा वैद्यकातील सर्वांत स्थिर, सर्वांत कमी वादाचा विषय आहे. यकृताची सीमा कोणत्या बरगडीपाशी येते याबद्दल दोन पक्ष नाहीत. अशा विषयातही चांगले निवडण्यापूर्वी पुष्कळसे टाकावे लागत असेल, तर जेथे निदान व उपचार यांबद्दल प्रामाणिक मतभेद असतात तेथे नवशिक्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल. उत्तम चित्रफिती आहेत, यात शंका नाही. परंतु उत्तम कोणती हे ओळखण्यासाठी जे ज्ञान हवे, तेच मिळविण्यासाठी विद्यार्थी त्या पाहत असतो, आणि हा पेच त्याला एकट्याने सोडविता येण्यासारखा नाही.

पुरेपणाचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो समजण्यासाठी पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण तपशिलाने पाहणे इष्ट आहे. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आणि आज ती जिल्ह्याच्या गावीही होते. पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेले असते. त्याची नलिका यकृताकडून येणाऱ्या नलिकेला मिळते आणि तेथून पुढे जी एक सामाईक पित्तनलिका होते, ती लहान आतड्यात उतरते. शल्यवैद्याला कापायच्या असतात त्या फक्त दोन गोष्टी: पित्ताशयाची नलिका आणि पित्ताशयाची धमनी. सूज व चरबी यांनी तो भाग भरून गेलेला असला आणि पित्ताशय ओढून धरले असले म्हणजे सामाईक नलिकाच पित्ताशयाची नलिका असल्याचा भास होतो, आणि ती कापली गेली तर रुग्णाच्या पुढील आयुष्याची घडी विसकटते. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, वारंवार होणारे जंतुसंसर्ग, प्रसंगी यकृताचा ऱ्हास अशी ती परंपरा असते. पोट उघडून करावयाच्या जुन्या पद्धतीत ही इजा हजारात एक-दोघांना होई. दुर्बिणीची पद्धत आल्यावर ते प्रमाण वाढून हजारात तीन ते पाचांपर्यंत गेले.

ही इजा हाताच्या अकुशलतेपेक्षा डोळ्यांच्या भ्रमाने अधिक होते, हे ओळखून अमेरिकन शल्यवैद्य स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक शिस्त मांडली. त्यांचा नियम असा की, काहीही कापण्यापूर्वी तीन गोष्टी दृष्टीस पडल्याच पाहिजेत. पित्ताशय, यकृत व नलिका यांमधील त्रिकोणी जागा चरबी व तंतूंपासून मोकळी झालेली असावी. पित्ताशयाचा खालचा तृतीयांश भाग यकृतावरून सुटा झालेला असावा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, आणि दोनच, रचना स्पष्ट दिसाव्यात. या तिहींची खात्री पटेपर्यंत कात्री चालवू नये, आणि पटत नसेल तर शस्त्रक्रियेचा मार्ग बदलावा. हा विराम हेच त्या शस्त्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य होय.

आता या शस्त्रक्रियेच्या, जाहीरपणे उपलब्ध असलेल्या आणि वारंवार पाहिल्या जाणाऱ्या चित्रफिती या कसोटीवर तपासल्या तर काय दिसते? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञांनी अशा शंभराहून अधिक चित्रफितींना गुण दिले, तेव्हा तिन्ही अटी समाधानकारकपणे दिसतात अशा चित्रफिती सुमारे एकदशांश भरल्या. आणि चित्रफीत किती जणांनी पाहिली वा किती जणांनी पसंत केली याचा त्या गुणांशी संबंध आढळला नाही. यावरून त्या शल्यवैद्यांनी शस्त्रक्रिया वाईट केल्या असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अनेकांनी तो विराम प्रत्यक्षात घेतलाही असेल. परंतु तासाभराची शस्त्रक्रिया दहा मिनिटांत बसविताना जे गळते ते बहुधा संथ, एकसुरी आणि पाहण्यास नीरस असे सफाईचे काम असते, आणि उरते ते चपळ हात व चमकदार कापणी. शिकणाऱ्याच्या मनात मात्र उरलेलेच ठसते. असत्य असे एकही दृश्य नसताना एखादी चित्रफीत घातक धडा देऊ शकते, ही गोष्ट या उदाहरणाइतकी स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

तिसरा प्रश्न काळाचा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले, आणि तेव्हापासून या क्रियेचे नियम अनुभवानुसार बदलत आले आहेत. प्रथम श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम कित्येक दशके शिकविला गेला. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रौढांसाठी व मुलांसाठी तो बदलला व छाती दाबण्याला अग्रस्थान दिले, कारण श्वास देण्याच्या खटपटीत पहिले मोलाचे क्षण वाया जात होते. २०१५ साली दाबण्याचा वेग मिनिटास १०० ते १२० आणि खोली सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर अशी मर्यादा घालण्यात आली. आपल्याकडे २०१७ साली भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने, सामान्य नागरिकाने मदत येईपर्यंत केवळ छाती दाबत राहावे अशी मार्गदर्शक पद्धती प्रसिद्ध झाली. नवजात अर्भक आणि बुडालेला माणूस यांच्या बाबतीत मात्र श्वासाचे महत्त्व कायम आहे. २००८ साली कोणी निष्ठेने तयार केलेली चित्रफीत त्या दिवशी निर्दोष होती. ती आजही पडद्यावर तितक्याच आत्मविश्वासाने बोलते, आणि तिच्यातील अध्यापकाला आपले म्हणणे मागे घेण्याची सोय नसते. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की जुनी ग्रंथालयाच्या मागल्या कपाटात जाते. चित्रफितींच्या जगात मात्र जुनी आवृत्ती नवीशेजारीच उभी असते, व पुष्कळदा जुनेपणामुळेच तिचा प्रेक्षक मोठा असतो. तुर्कस्तानातील वैद्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, या विषयावरील दोनशेहून अधिक चित्रफितींपैकी २०१० च्या नियमांशी पूर्णपणे जुळणाऱ्या चित्रफिती एकअष्टमांशदेखील नव्हत्या.

चौथा प्रश्न स्थळाचा, आणि त्याचे उत्तर आपल्या कोकणाइतके चांगले दुसरा कोणता प्रदेश देऊ शकेल असे वाटत नाही. लाल विंचवाच्या दंशाने रायगड-रत्नागिरीच्या खेड्यांतून धडधाकट मुले चोवीस तासांत दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रुग्णांच्या शेजारी रात्री जागून टिपलेल्या नोंदींवरून असे दाखविले की, या विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. आणि रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वेळीच दिल्यास रुग्ण वाचतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९८६ साली त्यांचे हे निरीक्षण प्रसिद्ध केले; पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिल्याने रुग्ण अधिक लवकर सावरतात असे दिसून आले. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील विंचू वेगळा आहे. त्याच्या विषाने डोळे सैरभैर फिरतात, हातपाय झटके देतात, आणि त्यासाठी तेथे २०११ साली मान्यता मिळालेली स्वतंत्र प्रतिविषलस वापरतात. तेथील अध्यापकाने विंचूदंशावर केलेले व्याख्यान त्या मुलखापुरते शब्दशः खरे असेल. परंतु तेवढेच पाहून पोलादपूरच्या आरोग्यकेंद्रात रुजू झालेला तरुण डॉक्टर फिरणाऱ्या डोळ्यांची वाट पाहत बसला, तर थंडगार हातपाय व घामाने भिजलेले अंग ही खरी धोक्याची खूण त्याच्या नजरेतून निसटेल. तीच गोष्ट त्वचारोगांची. गोऱ्या कातडीवर जे पुरळ लालभडक दिसते ते सावळ्या कातडीवर जांभळट वा करडे दिसते, आणि दाखविणारा ज्या वर्णाच्या रुग्णांत वावरला त्याच वर्णाची चित्रे तो दाखविणार. वैद्यक सार्वत्रिक आहे, पण रोग आणि रोगी स्थानिक असतात. म्हणून चित्रफितीच्या तारखेइतकेच तिचे ठिकाणही महत्त्वाचे मानले पाहिजे.

या चारही प्रश्नांबाबत चित्रफितीची लोकप्रियता आपल्याला काडीचीही मदत करीत नाही. उलट पुष्कळदा दिशाभूलच करते. २००७ साली ‘जामा’ या नियतकालिकात टोरांटोच्या संशोधकांनी लसीकरणावरील १५३ चित्रफितींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लसीविरुद्ध बोलणाऱ्या चित्रफितींना प्रेक्षकही अधिक व पसंतीही अधिक असल्याचे आढळले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील पहिल्या १५० चित्रफिती तपासणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात शेकडा ७७ चित्रफितींत वा त्यांखालील अभिप्रायांत दिशाभूल करणारा वा एकांगी मजकूर होता, आणि शास्त्रीय दर्जा जितका कमी तितका प्रेक्षकांचा प्रतिसाद मोठा, असा व्यस्त संबंध दिसून आला. करोनाच्या साथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या ६९ इंग्रजी चित्रफितींपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या अधिक चित्रफितींत चुकीची माहिती होती, व तेवढ्याच सहा कोटींहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या होत्या. हे अभ्यास रुग्ण व सामान्य जन ज्या चित्रफिती पाहतात त्यांविषयी आहेत खरे. परंतु विद्यार्थ्यापुढे यादी मांडणारी यंत्रणा तीच आहे. २०१२ पासून यूट्यूबची शिफारस ही प्रेक्षक चित्रफितीपाशी किती वेळ थांबतो या हिशेबावर मोठ्या प्रमाणात चालत आली आहे, आणि २०२१ च्या अखेरीपासून नापसंतीचा आकडाही प्रेक्षकांना दिसेनासा झाला. माणूस जेथे थांबतो ते आकर्षक असते, एवढेच या हिशेबावरून सिद्ध होते.

मग प्रामाण्य ठरवावे कशावरून? जमिनीचा दस्तऐवज हाती आला की जाणता माणूस प्रथम मजकूर वाचीत नाही. सही कोणाची, तारीख कोणती, आधीच्या कोणत्या कागदाचा हवाला दिला आहे आणि या व्यवहारात लिहिणाऱ्याचा स्वतःचा लाभ काय, हे तो आधी पाहतो. १९९७ साली ‘जामा’च्या संपादकांनी इंटरनेटवरील वैद्यकीय माहितीसाठी नेमक्या याच चार कसोट्या सुचविल्या: कर्ता, आधार, हितसंबंध आणि अद्ययावतता. दोन वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ नावाची सोळा प्रश्नांची मापनपट्टी तयार झाली, आणि चित्रफितींच्या दर्जावर आज जे शेकडो निबंध प्रसिद्ध होतात ते बहुतेक या दोहोंचाच उपयोग करतात. त्यांचे उपकार मान्य करूनही त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. ‘डिसर्न’ ही उपचारांविषयीच्या लेखी माहितीसाठी, रुग्णांच्या उपयोगार्थ रचलेली पट्टी आहे. कर्त्याचे नाव, पदवी, तारीख व संदर्भ यथास्थित असलेली चित्रफीत या पट्टीवर भरघोस गुण मिळवील, आणि तरीही तिच्यात त्या त्रिकोणी जागेची सफाई दाखवायची राहून गेली असेल. बाह्य खुणा नसलेली चित्रफीत बाजूला सारण्यास या कसोट्या पुरेशा आहेत; खुणा असलेली स्वीकारण्यास मात्र विषयाच्या जाणकाराचा डोळाच लागतो. यूट्यूबने २०२१ पासून काही संस्थांच्या आरोग्यविषयक चित्रफितींखाली त्यांची ओळख सांगणारी पट्टी दाखविण्यास आरंभ केला, त्यालाही हेच लागू आहे. ती पट्टी संस्थेविषयी सांगते, त्या एका चित्रफितीतील प्रत्येक विधानाची हमी देत नाही.

शेवटचा प्रश्न चित्रफितीचा नसून पाहणाऱ्याचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत खोल आहे. शिकागो विद्यापीठातील कार्डास व ओब्रायन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टेबलावरील भांडी न हलविता खालचे कापड ओढून काढणे, फळ्यावर बाण फेकणे, नाचातील एक अवघड चाल चालणे अशा क्रियांच्या चित्रफिती काहींना एकदा व काहींना वीस वेळा दाखविल्या. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला ते जमेल असा विश्वास कितीतरी अधिक वाटला. ज्या क्रिया प्रत्यक्ष करवून पाहिल्या त्यांत मात्र त्यांची कामगिरी इतरांहून सरस ठरली नाही. क्रियेतील वस्तू हातात घेऊन तिचा भार थोडा अनुभवला की हा फाजील विश्वास ओसरे. सुई शिरेत शिरताना बोटाला जो बारीक अडथळा जाणवतो, पोट तपासताना हाताखाली जो ताठरपणा लागतो, वेदनेने कण्हणाऱ्या माणसाशी बोलताना स्वतःचा आवाज जसा सांभाळावा लागतो, त्यांपैकी काहीही काचेच्या पडद्यावरून बोटांत उतरत नाही. चित्रफीत पूर्णपणे निर्दोष असली तरी ती पाहिल्याने आलेला आत्मविश्वास निर्दोष असेलच असे नाही, आणि या आत्मविश्वासाची किंमत चुकविणारा माणूस खाटेवर झोपलेला असतो. त्याने ती चित्रफीत निवडलेली नसते. भारतातील एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्यांसाठी चार पायऱ्या सांगितल्या आहेत: दाखविणे, निरीक्षण, साहाय्य आणि स्वतः करणे. चित्रफीत पहिल्या दोन पायऱ्यांवर मोलाची सोबत करू शकते. तिसऱ्या व चौथ्या पायरीवर तिचा अधिकार संपतो.

अशी मर्यादा घालून घेतल्यावर विनामूल्य चित्रफितींचे जग किती समृद्ध आहे हे मोकळ्या मनाने पाहता येते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील शल्यसंशोधन संस्थेने चालविलेले ‘वेबसर्ज’ हे शस्त्रक्रियांच्या चित्रफितींचे भांडार कोणालाही विनाशुल्क खुले आहे, आणि तेथे कर्त्याचे नाव व संस्था स्पष्ट दिलेली असते. स्टॅनफर्डच्या अध्यापकांनी रुग्णतपासणीच्या पंचवीस मूलभूत कौशल्यांपासून सुरू केलेली माला शिकविणाऱ्यांनीच शिकणाऱ्यांसाठी रचलेली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने आरोग्य व पोषण या विषयावर स्तनपानाची योग्य पद्धत, बाळाला नीट पकडणे व पाजणे, पूरक आहार इत्यादी धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले, आणि गावोगावच्या आरोग्यसेविकांना व आशाताईंना ते आपल्या भाषेत पाहता येतात. मूल अंगावर नीट लागले आहे की नाही हे शब्दांनी सांगणे कठीण व दाखविणे सोपे असल्याने, चित्रफितीचे सामर्थ्य येथे पुरेपूर कामी येते. आणि ताई ते पाहून लगेच शेजारच्या घरी प्रत्यक्ष बाळ-बाळंतिणीपाशी बसत असल्याने पाहणे आणि करणे यांत अंतर पडत नाही.

यावरून कर्तव्याची वाटणी आपोआप ठरते. चित्रफीत तयार करणाऱ्याने आपले नाव, पात्रता, संस्था, तारीख, आधार आणि आर्थिक संबंध आरंभीच सांगावेत, रुग्णाची संमती घ्यावी, संक्षेप करताना काय गाळले ते नोंदवावे, आणि नियम बदलल्यावर जुनी चित्रफीत मागे घ्यावी. आरोग्यविषयक जाहिरातवजा मजकूर प्रसृत करणाऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी असा दंडक केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये घातला आहे. पण ज्याला अध्यापक म्हणवून घ्यायचे आहे त्याने कायद्याची वाट का पाहावी? विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील प्रकरण आधी वाचावे व चित्रफीत मागाहून पाहावी, म्हणजे काय गाळले गेले हे त्याला ओळखता येईल. एकाच विषयावरील दोन निरनिराळ्या संस्थांच्या चित्रफिती ताडून पाहाव्यात. आणि जेथे त्या एकमेकींशी जुळत नाहीत ती जागा वहीत टिपून दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारावी. अशा एका प्रश्नाने जेवढे शिकायला मिळते तेवढे दहा चित्रफितींनी मिळत नाही.

सर्वांत मोठी जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे, आणि ती आजवर पुरेशा गांभीर्याने उचलली गेलेली नाही. विद्यार्थी फोनवर काय पाहतात याकडे दुर्लक्ष करणे हे त्यांना बाजाराच्या हवाली करण्यासारखेच आहे. प्रत्येक विभागाने आपल्या विषयातील चित्रफिती स्वतः पाहून, पारखून, कोणत्या ग्राह्य, कोणत्या कोणत्या मर्यादेत ग्राह्य आणि कोणत्या त्याज्य यांची यादी करावी, वर्षातून एकदा तिची फेरतपासणी करावी, आणि सदोष चित्रफीतही वर्गात दाखवून तिच्यातील उणीव विद्यार्थ्यांकडूनच काढवून घ्यावी. पित्ताशयाची ती घाईची शस्त्रक्रिया पडद्यावर थांबवून, “येथे कापणे योग्य होते काय? तिसरी अट दिसली काय?” असे विचारणारा अध्यापक भेटला, तर तीच सदोष चित्रफीत उत्तम धडा होऊन जाते. आपल्या मुलखातील रोग, आपल्या रुग्णांची कातडी, आपल्या खेड्यांतील साधने यांवर मराठीत नव्या चित्रफिती तयार करणे हेही याच कर्तव्याचे पुढचे पाऊल होय, कारण बाहेरून आलेली कोणतीही चित्रफीत ही उणीव भरून काढणार नाही.

चित्रफितीची साक्ष मोलाची आहे. परंतु साक्ष कितीही स्वच्छ असली तरी उलटतपासणीवाचून तिच्यावर निर्णय देत नाहीत, आणि ही उलटतपासणी घेण्याची विद्या देणे हेच आजच्या वैद्यकशिक्षणाचे एक प्रधान अंग झाले पाहिजे. माहिती दुर्मीळ होती त्या काळी ती पुरविणारा तो गुरू होता. माहिती अमाप झालेल्या या काळात ती पारखण्यास शिकविणारा, आणि पारखलेले हाताने करून घेताना शेजारी उभा राहणारा तो गुरू ठरेल. ती जागा जोवर भरलेली आहे तोवर विनामूल्य चित्रफिती वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वरदान ठरतील. ती रिकामी राहिली तर त्या चित्रफितींच्या दर्जाविषयी कितीही निबंध लिहिले गेले तरी रुग्णाचे संरक्षण होणार नाही.